मनोरा आणि सूची

मुंबईच्या ओव्हल मैदानावरून जाणारा मनुष्य मान वर करतो ती घड्याळाकडे पाहण्यासाठीं. राजाबाई मनोऱ्याची उंची २८० फूट. इतक्या उंच वस्तूच्या पायथ्याशीं काय आहे, याची चौकशी करण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. पायथ्याशीं मुंबई विद्यापीठाचें ग्रंथालय आहे. वास्तविक ग्रंथालय हीच मूळ कल्पना, आणि मनोरा हा तिच्या मस्तकावर मागाहून खोंवलेला तुरा. परंतु जवळजवळ दीडशें वर्षांच्या सवयीनें फेटा विसरला गेला आणि तुरा तेवढा नांवारूपास आला. आमच्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांविषयीं आम्हांस जें कांहीं म्हणावयाचें आहे तें या एका दृश्यांत बरेंचसें आलेलें आहे, म्हणून प्रारंभ तेथूनच करतों.

इतिहास थोडक्यांत असा. अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१-६५) लंकाशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईंत पैशाचा पूर आला. त्या पुरांत प्रेमचंद रायचंद हे सर्वांच्या पुढें होते. १८६४ सालीं त्यांनीं विद्यापीठाला ग्रंथालयाच्या इमारतीसाठीं दोन लाख रुपये दिले, आणि थोड्याच दिवसांत आपल्या मातोश्री राजाबाई यांच्या नांवें मनोरा बांधावा म्हणून आणखी दोन लाख दिले. पुढच्याच सालीं पूर ओसरला, शेअरांचा बाजार कोसळला, खुद्द प्रेमचंद त्यांत बुडाले. परंतु विद्यापीठाच्या पदरीं पडलेलें दान मात्र वांचलें. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनीं लंडनांत बसून नकाशे काढले. ज्या शहरासाठीं ते काढले तें शहर त्यांनीं कधीं पाहिलें नाहीं. १ मार्च १८६९ रोजीं पायाचा दगड बसला, १८७८ च्या नोव्हेंबरांत मनोरा पुरा झाला, आणि १८८० सालीं ग्रंथालय उघडलें. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानांतील निरनिराळ्या जातिजमातींचे चोवीस पुतळे आहेत. ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनीं घडविले. ते पाहून आमच्या मनांत नेहमीं एकच विचार येतो. बाहेर दगडांत सर्वांना जागा झाली; आंत मेजाशीं बसावयास कोणाला मिळालें?

दात्याचें मन मोठें होतें याविषयीं वाद नाहीं. परंतु रक्कम इमारतीची होती, ग्रंथांची नव्हती. आणि ग्रंथ शोधून देणाऱ्या माणसाची तर नव्हतीच नव्हती. दान देणाराला दगड दिसतो, दगडावर नांव कोरतां येतें. सूचीच्या पेटीवर कोणी आपल्या आईचें नांव कोरविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

इमारत उभी राहिली. ग्रंथालय उभें राहिलें काय? या प्रश्नाला एक सरकारी उत्तर उपलब्ध आहे. लॉर्ड कर्झन यांच्या अमदानींत १९०२ सालीं सर टॉमस रॅले यांच्या अध्यक्षतेखालीं हिंदी विद्यापीठांची चौकशी करणारें कमिशन बसलें. त्याच्या अहवालांत ग्रंथालयांना फारशी जागा मिळालेली नाहीं, आणि जी मिळाली ती कोणाच्याहि अभिमानाला पोषक नाहीं. मद्रासच्या ग्रंथालयाची अगदींच हेळसांड झालेली. पंजाब व अलाहाबाद येथें सर्वसाधारण ग्रंथालय असें नाहींच. कलकत्त्याचें फेलोंना आणि सिंडिकेटनें परवानगी दिलेल्या संशोधकांना तेवढें खुलें. मुंबईविषयीं अभिप्राय असा कीं, पौर्वात्य व इतर ग्रंथांचा संग्रह चांगला आहे, परंतु पदवीधर त्याचा उपयोग थोडाच करतात आणि विद्यार्थी जवळजवळ मुळींच करीत नाहींत.

आम्हांस यांत मुंबईची स्थिति मद्रासपेक्षां अधिक शोचनीय वाटते. ज्याच्या घरांत दाणा नाहीं तो उपाशी राहिला तर त्यांत नवल नाहीं. कोठार भरलेलें असून ज्याच्या घरीं चूल पेटत नाहीं, त्याचें काय? या स्थितीचा दोष विद्यार्थ्यांच्या आळसावर ढकलण्याची रीत आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. त्या काळचें विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारी कचेरी. शिकविण्याचें काम महाविद्यालयांत चाले, आणि परीक्षेला नेमलेलीं पुस्तकें ज्यानें त्यानें विकत किंवा उसनीं आणून पाठ करावीं, असा शिरस्ता. त्या भव्य जिन्याची पायरी चढण्याचें कारणच विद्यार्थ्याला कोणी दिलें नव्हतें. मराठी वाचकाची गोष्ट तर आणखी निराळी. विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून मराठी लवकरच बाहेर पडली होती, आणि निदान एम्. ए. च्या अभ्यासक्रमांत देशी भाषांचा शिरकाव व्हावा म्हणून न्यायमूर्ति रानडे आयुष्याच्या अखेरपर्यंत (ते १९०१ च्या जानेवारींत वारले) झगडत होते. जी भाषा शिकवावयाची नाहीं तिचे ग्रंथ आस्थेनें कोण जमविणार? तेव्हां मराठी वाचकानें आपली सोय आपणच लावली. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालीं निघालें, मुंबईचें १८९८ सालीं. तेथें मनोरा नव्हता; परंतु पुस्तक मागणारा मनुष्य व पुस्तक देणारा मनुष्य हे एकमेकांना ओळखत असत.

अहवालानें ज्याची सर्वांत अधिक नाचक्की केली होती त्या मद्रासची पुढील हकीकत सांगण्याजोगी आहे. १९२४ सालीं तेथें शियाळी रामामृत रंगनाथन् या गणिताच्या अध्यापकाची ग्रंथपालाच्या जागेवर नेमणूक झाली. रिकाम्या दालनांत बसून ते इतके कंटाळले कीं, थोड्याच दिवसांत त्यांनीं पुन्हां वर्गावर परत जाण्याची खटपट चालविली. त्यांना शिक्षणासाठीं विलायतेस पाठविण्यांत आलें, आणि परत आले ते निराळेच गृहस्थ होऊन. त्यांनीं कपाटें वाचकांस खुलीं केलीं. वर्गीकरणाची स्वतःची पद्धति बसविली, जी १९३३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. आणि १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे आपले पांच नियम जगापुढें ठेवले. पहिला नियम ग्रंथ हे उपयोगासाठीं असतात एवढाच आहे. इतकी उघड गोष्ट नियम म्हणून सांगावी लागली, यांतच त्या काळच्या ग्रंथालयांचें वर्णन आलें. चौथा नियम वाचकाचा वेळ वांचविण्याविषयीं आहे. आम्हांस तोच अधिक बोंचतो.

कां बोंचतो तें सांगतों. विद्यापीठाचें नांव घेण्यांत कांहीं लाभ नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एकोणिसाव्या शतकांतील एका मराठी मासिकाचा एका सालाचा बांधीव खंड आम्हांस हवा होता. लांकडी पेटींत कार्ड सांपडलें. त्यावर सुवाच्य अक्षरांत क्रमांक होता. चिठ्ठी लिहून दिली. अर्ध्या तासानें उत्तर आलें, ‘जागेवर नाहीं.’ दुसऱ्या दिवशींहि तेंच. तिसऱ्या दिवशीं संगणकावरील सूची पाहिली. तेथें त्या मासिकाचें नांवच नव्हतें. कार्डांवरील नोंदी संगणकावर चढवितांना मराठीची बरीच बाजू पुढील अनुदानावर ढकलण्यांत आली होती, असें समजलें. आम्ही निघण्याच्या बेतांत असतां दाराशीं स्टुलावर बसलेले एक वृद्ध शिपाई, ज्यांना तेथें सगळेच मामा म्हणत, हळूच म्हणाले, ‘साहेब, तें वकिलांच्या पुस्तकांत गेलं असेल. थांबा जरा.’ कोणा एका वकिलांच्या घरून फार पूर्वीं आलेला ग्रंथसंग्रह मागच्या खोलींत सुतळीनें बांधून ठेवलेला होता, आणि केव्हां तरी बांधणीला पाठवावयाचे खंड निवडतांना आमचा खंड त्या गठ्ठ्यांत मिसळला होता. मामांनीं दहा मिनिटांत तो आणला, फडक्यानें पुसला, मेजावर ठेवला आणि ‘पानं जपून उलटा, तुटतात’ असें वर बजावलें. आम्हीं विचारलें, ‘मामा, हें कोणी लिहून कां नाहीं ठेवलं?’ ते म्हणाले, ‘लिहिणारे साहेब रिटायर झाले. मीहि मार्चांत होतोय.’

त्या ग्रंथालयाची खरी सूची मामांच्या डोक्यांत होती, आणि ती मार्च महिन्यांत निवृत्त होणार होती.

या प्रसंगापासून आमचें एक मत बनलें आहे, व पुढील विवेचन त्या मताला धरून आहे. खास संग्रह, दुर्मिळ ग्रंथ, हस्तलिखितांचें भांडार, हे शब्द विद्यापीठाच्या माहितीपत्रकांत मोठ्या दिमाखानें येतात. परंतु संग्रह हा कपाटांत आल्यानें अस्तित्वांत येत नाहीं. त्याची सूची होते त्या दिवशीं येतो. तोंपर्यंत तो फक्त सामान असतो. आणि सूची ही कारकुनाची यादी नसून एक वाङ्मयीन कृति आहे. तिला कर्ता असतो, त्या कर्त्याला विद्वत्ता, चिकाटी व विवेक लागतो, आणि म्हणून तिची परीक्षाहि ग्रंथाप्रमाणेंच झाली पाहिजे. आमच्या मासिकांनीं तिसऱ्या प्रतीच्या कादंबऱ्यांवर स्तंभच्या स्तंभ खर्च केले. सूचींवर किती केले? आम्हीहि त्यांतलेच, हें कबूल करून पुढें जातों.

मुंबई विद्यापीठाच्या हस्तलिखितांच्या दोन वर्णनात्मक सूची स्वातंत्र्यापूर्वीं निघाल्या. शेख अब्दुल कादिर सरफराज यांनीं केलेली अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची सूची १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. आणि गोविंद विनायक देवस्थळी यांनीं भगवतसिंहजी संग्रह व ह. म. भडकमकर स्मारक संग्रह यांतील संस्कृत व प्राकृत पोथ्यांची केलेली सूची १९४४ सालीं. विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. म्हणजे आपल्या घरांत काय आहे हें छापून सांगावयास त्याला एका बाबतींत ७८ वर्षें लागलीं, दुसऱ्या बाबतींत ८७. उशीर झाला, पण काम झालें. आणि झालें तें पक्कें झालें. आज त्या पोथ्यांपर्यंत पोंचण्याचा रस्ता याच दोन ग्रंथांतून जातो.

ज्यानें वर्णनात्मक सूची कधीं उघडली नसेल त्याला ती रुक्ष वाटणें साहजिक आहे. ग्रंथाचें नांव, कर्ता, पत्रसंख्या, पृष्ठावरील ओळी, ओळींतील अक्षरें, लांबीरुंदी, कागद, लिपि, पोथी पूर्ण कीं खंडित, आरंभींचा मजकूर, शेवटचा मजकूर, लेखनकाल. पहिलीं दहा पानें डोळा चुकवून पुढें पळावेंसें वाटतें. परंतु नेटानें वाचीत राहिलें कीं पोथ्यांमागचीं माणसें दिसूं लागतात. नकलकार शेवटीं शक, तिथि व गांव देतो. आपल्या मुलाच्या पठनासाठीं लिहिली म्हणतो, किंवा कोणा यजमानासाठीं. पाठ मोडली, मान आंखडली, दृष्टि अधू झाली अशी तक्रार करतो आणि तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून पोथी राखावी म्हणून पुढच्या मालकाला विनवितो. एका गांवची पोथी दुसऱ्या प्रांतांत कशी गेली, एकाच काळीं कोणत्या शास्त्राच्या नकला अधिक होत होत्या, कोणता ग्रंथ लोक वाचीत होते आणि कोणता नुसता पूजेंत ठेवीत होते, हें इतिहासाच्या पुस्तकांत सांपडत नाहीं. तें अशा नोंदींच्या तळाशीं सांपडतें. सूचीकाराला हें सर्व डोळ्यांखालून घालावें लागतें. खंडित पोथीला आरंभ नसतो, म्हणजे बहुधा नांवहि नसतें. मधलीं चार पत्रें वाचावीं, इतर ग्रंथांशीं ताडून पाहावीं, आणि हा अमुक ग्रंथाचा अमुक भाग असा निर्णय द्यावा. तो चुकला तर पुढच्या पन्नास वर्षांचे अभ्यासक त्या चुकीवरून चालणार. हें जोखमीचें काम आहे, आणि त्याला कोणी टाळ्या वाजवीत नाहीं.

पुण्याचे परशुराम कृष्ण गोडे यांचें उदाहरण येथें आठवतें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर हें विद्यापीठ नव्हे. परंतु तेथील पोथ्यांचे रक्षक म्हणून १९१९ पासून काम करीत असतां याच गृहस्थांनीं पोथ्यांतील बारीकसारीक उल्लेखांवरून शेंकडों ग्रंथ व ग्रंथकार यांचे काळ ठरविले. रक्षक हा अभ्यासक असला म्हणजे कुलपाची किल्ली कशी होते, तें त्यांच्या निबंधांत दिसतें. आमच्या विद्यापीठांना असा मनुष्य परवडत नाहीं, असें नाहीं. असा मनुष्य हवा, हेंच त्यांच्या अंदाजपत्रकांत कोठें लिहिलेलें नसतें.

मुंबईच्या दोन्ही सूचींविषयीं आमची एक तक्रार आहे. त्या इंग्रजींत आहेत. लायडनच्या किंवा बर्लिनच्या पंडिताला त्या वाचतां याव्या हें योग्यच. पण नाशिकच्या वैदिकाला किंवा डोंगरीच्या मौलवीला, ज्यांच्या आजोबापणजोबांच्या हातच्या या पोथ्या असूं शकतील, त्यांना आपल्या भाषेंत चार ओळींची दिशा मिळाली असती तर कोणाची विद्वत्ता कमी झाली नसती.

आतां ज्या संग्रहाविषयीं आम्हांस सर्वांत अधिक सांगावयाचें आहे त्याकडे येतों. इस्माइली पंथाचें जुनें वाङ्मय फातिमी खिलाफतीबरोबर उत्तर आफ्रिकेंत व मिसरांत वाढलें, तें राज्य मोडल्यावर येमेनच्या डोंगरांत टिकलें, आणि तेथून गुजरातेंतील बोहरा समाजाकडे आलें. हे ग्रंथ गुप्त राखण्याचा त्या समाजाचा नेम होता. धर्मगुरूच्या परवानगीशिवाय ते वाचावयाचे नाहींत, परक्यास दाखवावयाचे तर नाहींतच. परिणाम असा झाला कीं, विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोपांतील पंडित इस्माइलींविषयीं जें लिहीत तें बहुतांशीं त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांवरून. आरोपीची कैफियत न ऐकतां फिर्यादीच्या कागदांवरून निकाल लिहावा, तसाच हा प्रकार.

आसफ अली असगर फैजी (१८९९-१९८१) हे सुलेमानी बोहरा घराण्यांत जन्मले. ते कायद्याचे पंडित होते. १९३८ ते १९४७ पर्यंत मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य, पुढें मिसर देशांत हिंदुस्थानचे राजदूत. फातिमी काळचे सर्वश्रेष्ठ न्यायपंडित काझी नुमान यांचा ‘दआइम अल्-इस्लाम’ हा धर्मशास्त्रावरील ग्रंथ त्यांनीं संपादिला; त्याचा पहिला खंड १९५१ सालीं कैरोस निघाला. म्हणजे ज्या शहरांत तो ग्रंथ हजार वर्षांपूर्वीं राज्याचा कायदा होता, त्याच शहरांत तो छापून परत गेला. फैजींनीं जमविलेलीं इस्माइली हस्तलिखितें १९५७ सालीं मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयास दिलीं.

या देणगीचें महत्त्व रुपयांत मोजतां येणार नाहीं. प्रेमचंदांनीं पैसा दिला. फैजींनीं कुलूप उघडून दिलें. पिढ्यान्‌पिढ्या शपथेनें बांधलेली वस्तु त्यांनीं अशा घरांत ठेवली, जेथें वाचकाला त्याचा धर्म विचारला जात नाहीं. तें बरोबर केलें कीं नाहीं, याविषयीं त्यांच्या समाजांत दुसरें मत असूं शकेल. ज्यांनीं छळाच्या काळांत प्राणापलीकडे हे ग्रंथ जपले त्यांच्या नेमाला आम्ही हंसणार नाहीं. गुप्तता नसती तर कदाचित् ग्रंथच उरले नसते. परंतु जपण्याचा काळ व वाचण्याचा काळ हे वेगळे असतात, आणि दुसरा काळ आला आहे हें ओळखणारा मनुष्य आंतलाच असावा लागतो. बाहेरच्यानें हें केलें असतें तर ती लूट झाली असती.

आणि आमच्या दृष्टीनें तितकीच महत्त्वाची गोष्ट ही कीं, या संग्रहाला सूची मिळाली. मुइज्ज गोरियावाला यांनीं केलेली फैजी संग्रहाची वर्णनात्मक सूची विद्यापीठानें १९६५ सालीं प्रसिद्ध केली. देणगीनंतर आठ वर्षें. ७८ व ८७ या आंकड्यांशेजारीं हा आंकडा ठेवून पाहावा. यावरून विद्यापीठाला मनांत आणलें तर करतां येतें हें सिद्ध होतें, आणि म्हणूनच इतर वेळीं ‘साधनें नाहींत’ हें जें उत्तर मिळतें तें आम्हांस पटत नाहीं. याच प्रकारचे दुसरे दोन संग्रह, हैदराबादचे जाहिद अली यांचा व सुरतेच्या हमदानी घराण्याचा, पुढें लंडनच्या इस्माइली अध्ययनसंस्थेकडे गेले. त्यांच्या सूची अनुक्रमें २००३ व २०११ सालीं निघाल्या. ते मालक विलायतेकडे कां वळले याचीं कारणें त्यांचीं त्यांना ठाऊक. पण हैदराबाद व सुरत येथून निघालेल्या पोथ्यांना मुंबईवरूनच जावें लागतें, आणि त्या येथें थांबल्या नाहींत, एवढें आमच्या ध्यानांत राहतें.

मराठीच्या बाजूला वळलें म्हणजे आम्हांस संकोच वाटतो. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ सालीं, म्हणजे कागदाच्या टंचाईच्या ऐन युद्धकाळांत, बाहेर पडली. १८०० पासून १९३७ पर्यंतचे छापील मराठी ग्रंथ तींत विषयवार लावलेले आहेत. १९३८ ते १९५० पर्यंतचा दुसरा खंड १९६१ सालीं निघाला. हें काम विद्यापीठाच्या खात्यानें काढलेलें नव्हे. एका गृहस्थानें अंगावर घेतलेलें. मराठींत एकोणिसाव्या शतकावर लिहिणारा असा कोणी नसेल ज्यानें दात्यांच्या पानांवर बोट ठेवून आपला प्रवास सुरू केला नाहीं. याच्या उलट मद्रासकडे पाहावें. तेथील विद्यापीठाच्या संस्कृत विभागानें जगांतील सर्व संस्कृत पोथ्यांच्या सूचींची एक महासूची १९३५ सालीं हातीं घेतली, आणि तिचा पहिला खंड १९४९ सालीं निघाला. संपादक गेले, दुसरे आले, काम चालू राहिलें. कारण तें व्यक्तीचें नसून संस्थेचें होतें. दात्यांच्या नंतर १९५१ पासूनच्या मराठी ग्रंथांचें काय, हा प्रश्न विचारला कीं आमच्याकडे एखाद्या उत्साही व्यक्तीचें किंवा एखाद्या मंडळाचें नांव पुढें केलें जातें. विद्यापीठाचें नांव कोणाच्या ओंठांवर येत नाहीं. १९५४ च्या कायद्यानें प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत ज्या ग्रंथालयांत जमा व्हावयाची त्यांत मुंबईचें मध्यवर्ती ग्रंथालय आहे, विद्यापीठाचें नाहीं. विद्यापीठाकडे मराठी ग्रंथ येतो तो विकत किंवा भेट म्हणून. म्हणजे कोणी तरी निवडला तर, किंवा कोणाचें तरी घर मोडलें तर.

घर मोडतांना येणाऱ्या या भेटी हाच आज विद्यापीठांच्या खास संग्रहांचा मुख्य झरा आहे. जुन्या वाड्याच्या जागीं इमारत उठते, मुलें परदेशीं असतात, आणि आजोबांचीं चार कपाटें विद्यापीठाला देऊं केलीं जातात. छायाचित्र निघतें, शाल दिली जाते. त्यानंतर त्या कपाटांचें काय होतें, हें आम्हीं वर सांगितलेंच आहे. आमची सूचना अशी कीं, विद्यापीठानें संग्रह घेतांना सूची पुरी करण्याची मुदत लेखी द्यावी; आणि देणाराला ती देतां येत नसेल तर त्यानें कपाटांबरोबर एका सूचीकाराच्या वर्षभराच्या पगाराचा विचार करावा. शालीचा खर्च वांचेल.

मनोऱ्याची दुरुस्ती २०१३ ते २०१५ या काळांत झाली, आणि चांगली झाली. रंगीत कांचा धुवून निघाल्या, लांकूडकाम उजळलें. २०१८ सालीं त्या सबंध परिसराचा जागतिक वारशांत समावेश झाला. आम्हांस याचा आनंद आहे. कलिन्याच्या आवारांत विद्यापीठाचें जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. तेथें मनोरा नाहीं, पण विद्यार्थी असतात, आणि हेंहि आम्हांस तितकेंच बरें वाटतें. हल्लीं सर्वत्र हस्तलिखितांचीं छायाचित्रें संगणकावर चढविण्याची धांदल चालू आहे. २००३ सालीं केंद्र सरकारनें पांडुलिपींसाठीं राष्ट्रीय मोहीम काढली तेव्हांपासून या कामाला वेग आला. पाने कुसण्यापूर्वीं त्यांचें चित्र निघावें हें उत्तम. परंतु चित्र म्हणजे वर्णन नव्हे. नांव नसलेल्या खंडित पोथीचीं दोनशें चित्रें काढलीं तर दोनशें नांव नसलेलीं चित्रें होतात. रुमालांत बांधलेला गठ्ठा संगणकांत बांधला, एवढाच फरक. ज्या विद्यापीठांनीं छायाचित्रणाचा ठेका दिला त्यांपैकीं कितींनीं पोथी वाचणारा मनुष्य नेमला, हें त्यांच्या वार्षिक अहवालांत शोधून पाहावें. आम्हीं ज्या अहवालांत शोधलें त्यांत चित्रांची संख्या होती, पानांची संख्या होती, यंत्राची किंमतहि होती.

हा लेख लिहिण्यापूर्वीं त्या अनाम ग्रंथालयांत आम्ही पुन्हां एकदां गेलों होतों. कार्डांच्या पेट्या जिन्याखालीं सरकविल्या होत्या. दाराशीं स्टूल नव्हतें. वकिलांच्या पुस्तकांविषयीं विचारलें तेव्हां मेजापलीकडील तरुण ग्रंथपालबाई आस्थेनें उठून आमच्याबरोबर मागच्या खोलीपर्यंत आल्या. खोलीला नवें कुलूप होतें, आणि किल्ली कोणाकडे असते तें त्यांना कोणी सांगितलेलें नव्हतें.